गड्ड्याची वाट आणि आराखड्याची नोटीस

प्रश्न : मी पत्रकारितेची पदवी घेतेय. पुढे एम.प्लॅन. (नियोजनाची पदव्युत्तर पदवी) करून नगररचनेत जाता येईल का? (जुळे सोलापूर)

थेट नाही. एम.प्लॅन.ला साधारणपणे वास्तुकला, नियोजन किंवा सिव्हिलची पदवी मागतात, नाहीतर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांतलं एम.ए. चालतं. म्हणजे मध्ये दोन वर्षं आली. मुंबईत देवनारच्या ‘टिस’मध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) शहरी धोरण आणि शासन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, माध्यमांचाही आहे. दोन्हींची माहिती शेजारी ठेवून बघा. घरात बारावीला गणित घेतलेलं कुणी धाकटं असेल, तर बी.प्लॅन.साठी, म्हणजे नियोजनाच्या पदवीसाठी, जेईई मेनचा नियोजनाचा वेगळा पेपर असतो.

प्रश्न : मी वार्ताहर आहे. शहराच्या विकास आराखड्याची नोटीस आम्ही छापतोच. त्यापलीकडे नगररचना शिकून काय करायचं? (विजापूर वेस)

नोटीस छापता, पण वाचता का? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखडा करण्याचा इरादा राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करावा लागतो. पुढे कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. मुदत संपली की बोलायची वेळ गेली. म्हणजे या कायद्याने तुमच्या पेपरला कामाला लावलंय, आणि पेपर ती नोटीस टेंडरांच्या गर्दीत कोपऱ्यात टाकतो.

तिथे लिहिलेलं असतं, ‘गट नं. अमुक, क्षेत्र ०.४० हे., आरक्षण : क्रीडांगण’. ०.४० हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर, हे एका ओळीत सांगा. शेजारी कोणती शाळा, कोणाची वस्ती, रस्ता किती फुटांचा, तेही लिहा. नकाशात पिवळं ते निवासी, निळं ते व्यापारी, हिरवं ते मोकळी जागा, एवढं साधारण लक्षात ठेवलं तरी अर्धा आराखडा उलगडतो. मी एकदा एका कार्यालयात भिंतीवरचा प्रारूप नकाशा बघायला गेलो, तर खालचा निम्मा भाग फायलींच्या कपाटामागे! कपाट सरकवा म्हटलं तर शिपाई म्हणाला, “साहेब, आजवर कुणी विचारलंच नाही.” यावर बातमी करायला मला तरी चार वर्षं पत्रकारिता शिकावी लागली नसती.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘लोकांच्या मनातलं शहर’ काढून आणायला सांगितलंय. सोलापुरात सुरुवात कुठून करू? (शेळगी)

अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० साली मनातल्या शहराचे पाच घटक मांडले : वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा. हे त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना बोलतं करून शोधलं. तूही तेच कर, पण गुगल मॅप खिशात ठेव. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, त्यांच्या मागे चाल. अडुसष्ट लिंगांची ती वाट म्हणजे पायांनी आखलेला जुन्या गावाचा नकाशा. काठी धरणाऱ्याला विचार, तार कुठे आडवी येते, वळताना दम कुठे लागतो, गर्दी कुठे आपोआप थांबते.

मग पूर्व भागात जा. तिथल्या एखाद्या विणकर आजींना तेलुगूत बोलू दे. त्यांच्या चित्रात सिद्धेश्वर तलाव कदाचित कोपऱ्यात असेल आणि मधोमध गिरणी. गिरणीचा भोंगा कधीच बंद झाला, तरी पत्ता सांगताना लोक अजून ‘जुन्या गिरणीपाशी’ म्हणतात.

मिरवणुकीतून शहर सुधारता येतं, हे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरला दाखवलं. प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, तिच्यात प्लेगच्या उंदराचं सोंग होतं, आणि ज्या भागात घरं जास्त झाडून-सारवून काढली असतील तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. गल्ल्या झाडायला लोक आपणहून निघाले. नगररचनेच्या वर्गात गेडिस शिकवतात, माध्यमांच्या वर्गात मला ते क्वचितच भेटले.

प्रश्न : मी ड्रोनने शहराचे व्हिडिओ काढतो. याला नगररचनेचं काम म्हणता येईल? (होटगी रोड)

ड्रोनला गच्ची दिसते, नळ दिसत नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हापासून चकचकीत हवाई चित्रं भरपूर झाली. तुम्ही आठवडाभर खाली उतरा. कोणत्या पेठेत पाणी किती दिवसांआड आणि किती वाजता येतं, तेवढंच गल्लीगल्लीतून टिपून एका नकाशावर टाका. रात्री दोनला हंडे लावून बसलेल्या बाईचा आवाज हवा असेल तर आधी परवानगी घ्या, आणि त्या वेळी ड्रोन नको. पाण्याच्या मोटारीचा आवाज चालू असतोच.