दुसऱ्याच धुण्यात सुटलेली दुमड

प्रश्न : काकू, मुलगा सातवीत आहे. वाढत्या अंगाचा म्हणून गणवेशाची पँट दोन इंच लांब घेतली. घरी मशीन नाही आणि जूनमध्ये टेलर आठवड्याचा वायदा करतो. म्हणून इस्त्रीने चिकटणारी टेप आणून दुमड घातली, ती दुसऱ्याच धुण्यात सुटली. टेपच वाईट की माझं चुकलं? शिवाय पुढच्या वर्षी दुमड सोडायची झाली तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टेपवर खापर फोडू नका. पँट न धुता, पिशवीतून काढून तशीच दुमडलीत ना? नव्या टेरीकॉटवर खळीचा हात असतो. गोंद त्या खळीला चिकटतो, कापडाला नाही. पाण्यात खळ गेली की दुमडही गेली. आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा, मग बूट घालून मुलाला उभं करा आणि खडूने खूण करा.

दुसरं म्हणजे तुम्ही इस्त्री फिरवली असणार. हात सवयीने फिरतोच. पण ही टेप म्हणजे वितळणाऱ्या गोंदाची जाळी. ती धाग्यांत मुरायला वेळ आणि दाब दोन्ही लागतात. मी जुन्या धोतराचा तुकडा ओला करून घट्ट पिळते, दुमडीवर पसरते, इस्त्री ठेवून दाबते आणि मनात पंधरापर्यंत मोजते. मग उचलायची आणि पुढे ठेवायची, सरकवायची नाही. फडकं तिथं कोरडं झालं की समजा गोंद बसला. उलटवून दुसऱ्या बाजूनेही तेच. नंतर दहा मिनिटं पँटला हात लावू नका. गरम असताना ओढून बघायचा मोह होतो, तिथंच घात होतो.

टेप दुमडीच्या कडेपासून सूतभर आतच हवी. हे मी पाडव्याच्या आदल्या रात्री शिकले. ह्यांच्या पांढऱ्या झब्ब्याची बाही आखूड करत होते. टेप जराशी बाहेर डोकावत होती. गोंद इस्त्रीच्या तळाला लागला आणि पुढच्या फिरवणीत झब्ब्याच्या पाठीवर तपकिरी पट्टा! तो झब्बा आता फरशी पुसतो.

पँट खाली निमुळती असेल तर अजून एक भानगड असते. वर वळवलेला भाग आतल्या घेरापेक्षा अरुंद पडतो आणि दुमड ओढली जाते. दुमडीत जाणारी बाजूची शिवण तेवढीच उसवा, मग ती सपाट बसेल. आणि खेळणारं पोर आहे, पँट घालताना पायाचा अंगठा दुमडीत अडकणारच. म्हणून दोन्ही शिवणींपाशी सुईने तीन-तीन टाके घालाच. एवढ्याला मशीन लागत नाही.

सोडताना टाके कापा, ओलं फडकं ठेवून पुन्हा तसंच दाबा आणि गोंद गरम असतानाच टेप हळूच ओढा. उरलेला गोंद फडक्यावर टिपून घ्या. जुन्या दुमडीची रेघ राहते. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्यात भिजवलेल्या फडक्याने दाबली तर बरीच फिकी होते, पण रंग उतरतो का ते आधी आतल्या बाजूला बघा. वर्षभर उन्हात वाळलेली पँट असेल, तर आत झाकलेला पट्टा मात्र गडदच दिसेल. त्याला माझ्याकडे इलाज नाही.