गांडूळखताच्या टबातला फावडेतोंड्या किडा

गांडूळखताच्या टबात सापडलेला आणि खुरप्याने कापल्यावर दोन तुकड्यांनी चालू लागलेला तो किडा सापाचं पिल्लू आहे का, असं तुम्ही विचारलंत. सापाचं पिल्लू नाही, घाबरू नका. पसरट अर्धचंद्रासारखं डोकं, पिवळसर तपकिरी अंग आणि पाठीवर उभ्या काळ्या रेघा म्हणजे बायपॅलियम, जमिनीवर राहणारा चपटकृमी. (कुंडीत सापडणारा बारीक, चकचकीत, खवल्यांचा वाळा वेगळा. तो बिनविषारी साप आहे, त्याला उगाच मारू नका.)

तुम्ही मधोमध कापलात आणि दोन्ही तुकडे चालायला लागले, यात नवल नाही. याच्या अंगभर मूलपेशी, म्हणजे कुठलाही अवयव नव्याने घडवू शकणाऱ्या पेशी, विखुरलेल्या असतात. शेपटाकडच्या तुकड्याला साधारण आठ-दहा दिवसांत नवं डोकं येतं. मुळात हा स्वतःच शेपटीचं टोक तोडून आपली संख्या वाढवतो, म्हणजे खुरप्याने तुम्ही त्याचंच काम केलंत! ते दोन्ही तुकडे आधी शोधा.

याला हृदय नाही, रक्त नाही, फुप्फुसंही नाहीत. प्राणवायू कातडीतून आत झिरपतो, त्यामुळे आतली कुठलीच पेशी पृष्ठभागापासून लांब असून चालत नाही. अंग चपटं असण्याचं मोठं कारण हेच. तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मध्यावर असतं, आणि गुदद्वार नसल्यामुळे चोथाही तिथूनच बाहेर पडतो. डोकं मुख्यतः वास घ्यायला.

शिकार बघण्यासारखी असते. डोकं उचलून डावी-उजवीकडे हलवत तो गांडुळाचा माग काढतो, अंगाखाली चिकट स्राव सोडून त्याला धरून ठेवतो, मग पोटातून पांढुरकी नळी बाहेर काढतो. पाचकरस ओतून गांडूळ विरघळवायचं आणि शोषून घ्यायचं. याच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे फुगा माशातलं विष, सापडलं आहे. हात लागला म्हणून काही होत नाही, पण साबणाने धुवा. पट्टकृमी (टेपवर्म) आणि शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतातले पर्णकृमी याचेच भाऊबंद, हा मात्र आपल्या पोटात राहणारा नव्हे.

काडीने उचलून झाकणाच्या डब्यात मीठ किंवा व्हिनेगर घालून टाका. टबात मीठ अजिबात नको, गांडुळंच मरतील. दिवसा तो टबाखाली, विटांखाली, कुंडीच्या बुडाशी दडतो, रात्री ओल्यात फिरतो. अंगातली ओल त्याला धरून ठेवता येत नाही, म्हणून टबाखालची जागा कोरडी ठेवा. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीतून तो हमखास येतो. १८७८ साली याच्या एका जातीला बायपॅलियम केवेन्स हे शास्त्रीय नाव मिळालं तेही लंडनच्या क्यू गार्डनमधल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून, मूळचा आग्नेय आशियातला असून. नवीन कुंडी टबाशेजारी ठेवण्याआधी तिचं बूड उलटून पाहाच.