गाडी पुसायचा टावेल कोणता घ्यावा?

प्रश्न: नमस्कार दादा, मी जालन्याचा. दिवाळीत काळी गाडी घेतली. वडील रोज सकाळी उठले की सोलापुरी टावेल घेऊन गाडी कोरडीच पुसतात, लई जीव आहे त्यांचा तिच्यावर. पण आता उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायलेत. टावेल बदलला तर थांबतील का? आणि दुकानदार सारखा जीएसएम जीएसएम करतो ते काय असतं?

उत्तर: भाऊ, टावेल तर बदलाच, पण खरा गुन्हेगार धूळ आहे. आपल्याकडं रात्रीतून गाडीवर धुळीचा थर बसतो, त्यात वाळूचे बारीक कण असतात, आणि रंगाच्या वरचा क्लियर कोट, म्हणजे पारदर्शक थर, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. कोरडं पुसलं की तेच कण रंगावरून फरफटत जातात. सोलापुरी टावेल अंग पुसायला एक नंबर, पण त्याला धूळ नीट आत घेता येत नाही, ती वरच राहते आणि घासते. त्यापेक्षा मायक्रोफायबरचा घ्या, म्हणजे एकदम बारीक कृत्रिम धाग्याचा; त्याचे तंतू चिरलेले असतात म्हणून ते कण आत ओढून घेतात, एवढाच फरक, जादू काही नाही, मायक्रोफायबरनं पण कोरडी धूळ पुसली तर ओरखडे पडणारच.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममधे. रंगावर फिरवायला 350 ते 400 चालतो, धुतल्यावर पाणी टिपायला 500च्या वरचा जाड घ्या. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कड बघा. शिवलेली टोकदार कड आणि कंपनीचं लेबल दोन्ही ओरखडतात, त्यामुळं बिनकडेचा घ्या नाहीतर लेबल कापून टाका. दुकानातच जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर घासून बघा, रेघ उठली की परत द्या. मी तर खिशात सीडी घेऊनच जातो, दुकानदार हसतो, हसू दे.

पाण्याची बोंब असेल तरी आधी बादलीभर पाणी वरून ओता, मग ओल्या टावेलानं पुसा. टावेल दोनदा घडी घातला की आठ बाजू मिळतात, एक मळली की दुसरी. खाली पडलेला टावेल परत रंगाला लावायचा नाही, तो टायरला. माझ्या एका टावेलात गच्चीवर वाळत घातला तेव्हा कुसळ अडकलं होतं, दिसलंच नाही, दारावर वितभर रेघ ओढली गेली. तेव्हापासून आधी दोन्ही हातांनी चाचपतो. धुताना कॉटनच्या कपड्यांत टाकू नका, त्यांचे सुटलेले बारीक तंतू (लिंट) चिकटतात, आणि कपडे मऊ करायचं सॉफ्टनर तर अजिबात नको, तंतूंवर थर बसतो मग पाणीच ओढत नाही.

वडिलांच्या हातातलं काम काढू नका, फक्त बादली आणि दोन टावेल द्या. पडलेले ओरखडे टावेलानं जात नाहीत, त्याला पॉलिश लागतं, आणि पॉलिश म्हणजे थोडा क्लियर कोट घासून काढणंच, त्यामुळं वर्षाला वर्षाला करू नका.

प्रश्न: काचेला पेपर घासला तर चालतो का? (लातूरहून एक ताई)

उत्तर: नुसत्या काचेला चालून जातो, पण शाई काचेभोवतीच्या रबरच्या पट्टीला लागली की काळं होतं. वॅफल विणीचा, म्हणजे चौकोनी खळग्यांचा, पातळ टावेल घ्या. आणि बोअरचं पाणी काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग पडले की मग घासत बसावं लागतं.