‘मापाने बनवलेली फ्रेम परत घेत नाही’ असं बिल्डर म्हणाला तर

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. पुण्यातल्या एका फ्रेम बिल्डरकडून माझ्या मापाची स्टेनलेस स्टीलची रोड बाइक फ्रेम बनवून घेतली, फक्त फ्रेमचे १,६०,००० रुपये दिले. कोलंबस कंपनीची एक्ससीआर ही स्टेनलेस ट्यूब (नळी) वापरणार असं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं होतं, बिलावर मात्र नुसतं ‘सायकल फ्रेम’ लिहिलंय. मागच्या वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात फ्रेम कुरिअरने आली. यंदा श्रावणात सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) यांच्या वेल्डला लागून केसासारखी भेग दिसली. मध्ये एकदा हिप्परगा तलावाजवळ मी पडलो होतो, पण हळू. बिल्डर म्हणतो वॉरंटी वर्षाचीच होती, कस्टम माल परत घेत नाही, आणि बिलावर ‘न्यायक्षेत्र पुणे’ छापलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला ओळखीचा फॅब्रिकेटर सातशे रुपयांत वेल्ड मारून देतो म्हणतो. मित्र म्हणतात, वेल्ड मार, पॉलिश कर आणि विकून टाक. काय करू? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : त्या भेगेला वेल्ड मारू नका. बाकी उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आज पाळा. तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोठा पुरावा ती भेगच आहे. तिच्यावर वेल्ड चढला की मूळ वेल्ड कसा होता, आतून पोहोचला होता का, भेग कुठून सुरू झाली, हे कुणालाच सांगता येणार नाही. वर बिल्डर म्हणेल की मालात फेरफार केलाय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८७ मध्ये वस्तूत बदल केल्याचा किंवा तिचा गैरवापर झाल्याचा बचाव विक्रेत्याला दिलेला आहे, तो त्याच्या हातात आयता देऊ नका.

शिवाय एमआयडीसीतला कारागीर कितीही हुशार असला, तरी त्याचा हात रेलिंगच्या आणि टाक्यांच्या ३०४ या साध्या स्टेनलेस स्टीलवर बसलेला असतो. सायकलच्या ट्यूबची भिंत मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. आतून आरगॉन वायू सोडल्याशिवाय वेल्ड मारला तर आतला भाग जळून खरखरीत होतो आणि पुढची भेग तिथूनच निघते. या फ्रेमवर आता बसूही नका. भेग माहीत असताना चालवलीत आणि पडलात, तर दुखापतीच्या भरपाईचा दावा पार लंगडा होईल. पैशापेक्षा मला काळजी त्याची आहे.

आता ‘कस्टम माल परत घेत नाही’ या वाक्याकडे येऊ. हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात, आणि मला त्याचा फार राग येतो, कारण कायदा जवळजवळ उलटं सांगतो. मालविक्री कायदा १९३० चं कलम १६ असं आहे की ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला कळवलं आणि त्याच्या कौशल्यावर विसंबून घेतली, तर वस्तू त्या कामाला लायक असण्याची अट न लिहिताही करारात येते. दुकानातून तयार सायकल घेणाऱ्याला हे सिद्ध करायला खटपट करावी लागते. तुम्ही तर उंची, वजन, कुठल्या रस्त्यांवर किती चालवणार हे सगळं बिल्डरला लिहून दिलं असणार. ते मेसेज शोधा. शिंप्याने सदरा तुमच्या मापाने शिवला म्हणून काखेत उसवला तर जबाबदारी तुमची होत नाही. मापं चुकीची दिली असतील, किंवा बिल्डरने नको म्हटलं असताना हलकी ट्यूब तुम्हीच हट्टाने मागितली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तसं काही झालं असेल तर वकिलाला आधीच सांगा.

वर्षाची वॉरंटी हे बिल्डरने दिलेलं जादा वचन. ते संपलं म्हणून कलम १६ संपत नाही. पण खोटी आशा दाखवत नाही: दीड वर्षाच्या आसपास फ्रेम वापरून झाल्यावर पूर्ण रक्कम परत मिळणं कठीण. ग्राहक आयोग नवी फ्रेम, योग्य दुरुस्ती किंवा वापराची वजावट करून परतावा, याकडे झुकण्याची शक्यता जास्त. मागणी त्याच क्रमाने लिहा, तपासणीचा आणि तक्रारीचा खर्चही मागा.

तक्रार सोलापुरातच करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगच योग्य, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. बिलावर छापलेली ‘न्यायक्षेत्र पुणे’ ही ओळ बिल्डर पुढे करेलच. ती पैसे दिल्यावर आलेल्या कागदावर आहे, तुमची सही नाही, आणि राहत्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क कायद्याने दिलाय, हे उत्तर तयार ठेवा. ‘अनुचित करार’ हा मुद्दा मात्र अर्जात घालू नका. तो राज्य आयोगाकडे जातो, उगाच फाटे फुटतील. ‘मालातील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ दोन्ही मांडा, कारण मापाने बनवून देणं हे विक्री आणि काम दोन्ही आहे.

मुदत दोन वर्षांची (कलम ६९). दोष दिसला त्या दिवसापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. कुरिअरच्या पावतीवरची तारीख धरा आणि तिच्या दोन वर्षं पुरी होण्याच्या बऱ्याच आधी तक्रार दाखल करा. त्याआधी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह १५ दिवसांची नोटीस पाठवा. नोटीस सक्तीची नाही, पण बिल्डरचं लेखी उत्तर आलं तर तुमच्याच कामाला येतं.

पुराव्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण अशा तक्रारी इथेच जिंकतात किंवा हरतात. उजेडात, शेजारी पट्टी ठेवून भेगेचे फोटो काढा. बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर दिसला पाहिजे. पार्ट काढायचे असतील तर मेकॅनिकसमोर आधी व्हिडिओ घ्या, कारण बॉटम ब्रॅकेटचा कप जोर लावून काढताना भेग वाढू शकते. मेसेजची नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने.

ट्यूबबद्दल तुम्हाला शंका दिसते. एक्ससीआर मार्टेन्सिटिक जातीचं आहे, म्हणजे चुंबकाला चिकटतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते सहसा चिकटत नाही. पण ओढून बनवलेली ३०४ ची नळीही थोडी चिकटते, म्हणून चुंबकाला पुरावा समजू नका. फ्रेम न कापता एक्सरे पद्धतीने धातूचं पृथक्करण होतं. ते आपल्या खर्चाने करून घ्या. पुढे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोगच वस्तू सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवू शकतो, शुल्क आधी तुम्ही भरायचं. बिल्डर ‘फ्रेम पाठवा, बघतो’ म्हणाला, तर त्यालाच सोलापूरला बोलवा. पाठवायचीच झाली तर फोटो काढून झाल्यावर आणि ‘फक्त तपासणीसाठी, दुरुस्ती करू नये’ असं त्याच्याकडून लेखी घेऊन.

हिप्परग्याजवळचं पडणं तक्रारीत स्वतःच लिहा. लपवलंत आणि उलटतपासात निघालं, तर बाकी खरं बोललेलंही कुणी मानणार नाही. समोरून जोरात आदळलेल्या फ्रेमची खूण बहुतेक वेळा पुढे, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) मागे दिसते. तुमची भेग मागे, बॉटम ब्रॅकेटपाशी आहे. तिचा पडण्याशी संबंध आहे का, हे तज्ज्ञाच्या अहवालातच येऊ द्या.

मित्रांचा सल्ला साफ धुडकावा. स्टेनलेसला पॉलिश केलं की वेल्ड झाकला जातो, आणि नेमकं तेच झाकून विकणं भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ खाली कपट आहे. उद्या ती फ्रेम तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या कुणाखाली मोडली, तर बिल्डरच्या जागी तुम्ही उभे असाल.

पोलिसांत सध्या जाऊ नका. करार पाळला नाही म्हणजे फसवणूक होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ साठी सुरुवातीपासून खोटा हेतू दिसावा लागतो. प्रयोगशाळेने ट्यूब ठरल्यापेक्षा वेगळीच असल्याचं लिहून दिलं, तर तो अहवाल घेऊन वकिलाकडे जा, तेव्हा त्या कलमाचा विचार होईल. तोपर्यंत ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर खातं उघडून ठेवा. तक्रार घरून दाखल होते आणि वकील लावणं बंधनकारक नाही. कायद्यात प्रयोगशाळेच्या तपासणीसह ५ महिने म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या.