श्रीलंकेला पहिल्यांदाच निघालात? मग मोजे घ्या

आधी जाड मोजे बॅगेत टाका. अनुराधपुरात, म्हणजे तिथल्या प्राचीन राजधानीत, स्तूपांच्या आवारात चपला काढाव्याच लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. मी एकदा अक्षरशः उड्या मारत प्रदक्षिणा घातली होती. सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याला सकाळी सातच्या आत पोहोचा. सुमारे १२०० पायऱ्या आहेत, ऊन चढलं की जीव मेटाकुटीला येतो. तिथल्या भित्तिचित्रांचे फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे. निवांत बघा, अजिंठा पाहिला असेल तर नातं लगेच जाणवेल. पोलोन्नारुवा या दुसऱ्या जुन्या राजधानीला मात्र अख्खा दिवस द्या, भाड्याच्या सायकलवर. तिथल्या गल विहारातला, कातळात कोरलेला सुमारे १४ मीटरचा पहुडलेला बुद्ध उन्हं कलल्यावर बघा. दांबुल्लची गुहामंदिरं कँडीच्या वाटेवरच लागतात. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नको, तिथे तो अपमान समजतात.