सुईला करंट लावला की आत नेमकं काय होतं?

ताई, सासूबाईंच्या गुडघ्याभोवती सुया टोचून त्या सुयांना मशीनच्या वायरी लावतात (याला इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर म्हणतात), आणि दीर म्हणतात "सगळा मनाचा खेळ आहे". शरीरात खरंच काही घडतं का, असं तुम्ही विचारलंय. घडतं, आणि त्यातलं बरंचसं मोजलेलंही आहे.

सुई कातडीखाली स्नायूपर्यंत जाते. तिथल्या चेतातंतूंना करंटचे ठोके बसतात आणि संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. त्या जागी आधी प्रोकेनसारखी भूल दिली तर दुखणं कमी होत नाही. म्हणजे सगळा कारभार नसांमार्फत चालतो.

खरी गंमत फ्रिक्वेन्सीत आहे. बीजिंगचे संशोधक हान जिशेंग १९६५ पासून यावर काम करत आले. सेकंदाला २ ठोके दिले तर एन्केफॅलिन आणि बीटा-एंडॉर्फिन सुटतं, १०० दिले तर मज्जारज्जूत डायनॉर्फिन. ही सगळी दुखणं दाबणारी, शरीराने स्वतःच बनवलेली अफूच म्हणा ना! पुढच्या वेळी सासूबाईंचा पाय नीट बघा. बऱ्याच मशीनवर स्नायू थोडा वेळ टक्‌ टक्‌ उडतो, मग नुसती घरघर, पुन्हा टक्‌ टक्‌. मशीन बिघडलेलं नसतं. दोन्ही प्रकारची रसायनं सुटावीत म्हणून मुद्दाम आलटून-पालटून देतात.

आता दिरांचा मुद्दा. नॅलोक्झोन हे अफूवर्गीय औषधांचा असर उतरवणारं औषध. १९७६ साली टोरंटोत संशोधक पोमेरान्झ यांनी ते उंदरांना दिलं, तर इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरने आलेला बधिरपणा गेला. पण मेख अशी की प्लासिबोने (औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीने) थांबलेलं दुखणंही नॅलोक्झोनने परत येऊ शकतं. म्हणून मला फ्रिक्वेन्सीचा पुरावा जास्त पटतो. २ आणि १०० ठोक्यांना वेगवेगळी रसायनं सोडायची, हे उंदीर मनाने थोडंच ठरवणार? अर्थात माणसाच्या बाबतीत मनाचा वाटा असतोच, तो मी नाकारत नाही.

सूज कमी होण्याचं गणित वेगळं आहे. हार्वर्डच्या छियूफू मा यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की उंदराच्या मागच्या पायाला हलका करंट दिला तर व्हेगस नसेमार्फत (मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस) मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी कामाला लागते आणि दाह उतरतो. तेवढाच करंट पोटावर दिला तर ही वाट उघडत नाही. त्याआधीच्या त्यांच्याच प्रयोगात पोटावरच्या जोरदार करंटने दाह सुरू होण्याआधी फायदा झाला होता, नंतर दिल्यावर उलट नुकसान. हे उंदरांवरचं आहे, सासूबाईंच्या संधिवाताला सरळ लावू नका.

"अजून वेळ वाढवा, अजून वेळ वाढवा" म्हणणारे पेशंट असतात. तसं करू देऊ नका. फार वेळ चालू ठेवलं तर शरीर कोलेसिस्टोकायनिन नावाचं रसायन सोडून तो असर स्वतःच मारून टाकतं; साधारण अर्ध्या तासाचं सिटिंग त्यामुळेच बरं. आणि त्यांना पेसमेकर असेल तर वायरी लावण्याआधीच सांगा.