नगराध्यक्ष कर्मचारी नसले तरी तक्रार होते

प्रश्न : मी एका नगर परिषदेत ठेकेदारामार्फत डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून काम करते. नगराध्यक्ष फायलीच्या निमित्ताने कार्यालय सुटल्यावर दालनात बोलावून घेतात, खांद्यावर हात ठेवतात, रात्री व्हॉट्सॲपवर अश्लील मेसेज पाठवतात. अडीच महिन्यांपूर्वी मी दालनात जाण्यास नकार दिला, तेव्हा ‘पुढच्या ठेक्यात तुझे नाव राहीलच असे नाही’ असे त्यांनी सुनावले. मुख्याधिकारी म्हणतात की, ते लोकनियुक्त आहेत, कर्मचारी नाहीत, म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीला काही करता येत नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : हे बरोबर नाही, आणि असे सांगून तुम्हाला परत पाठवणे मुख्याधिकाऱ्यांना शोभणारे नव्हते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली आहे ती ‘व्यक्ती’ एवढाच उल्लेख आहे. ती व्यक्ती त्या कार्यालयाची पगारी नोकर असावी, अशी अट नाही. ठेकेदारामार्फत काम करणारी महिला मात्र या कायद्यानुसार कर्मचारीच ठरते. ठेक्यातून नाव वगळण्याची धमकी ही त्या वर्तनाशीच जोडलेली असल्याने कलम 3 प्रमाणे तीदेखील छळातच मोडते. राजकीय पक्ष म्हणजे मालक (नोकरी देणारा) नव्हे, म्हणून त्याला अशी समिती नेमणे बंधनकारक नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आणि पक्षाच्या महिला कार्यकर्त्यांसाठी ही उणीव आजही गंभीर आहे. परंतु तुमचे कामाचे ठिकाण नगर परिषद आहे, पक्ष कार्यालय नव्हे, त्यामुळे तो मुद्दा तुमच्या आड येत नाही.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी मुदतीची वाटते. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. कारणे नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या सवलतीवर विसंबून राहू नका. या आठवड्यातच तक्रार दाखल करा. तक्रार मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीकडे जाते. नगराध्यक्ष या कायद्याच्या अर्थाने मालक ठरतात की प्रशासनप्रमुख म्हणून मुख्याधिकारी, यावर उद्या वाद उपस्थित केला जाऊ शकतो, म्हणून माझे मत असे आहे की, मूळ तक्रार स्थानिक समितीकडे द्यावी आणि त्याच दिवशी तीच तक्रार नगर परिषदेच्या अंतर्गत समितीकडेही देऊन, दुसरीकडे दिल्याचा उल्लेख दोन्हींत करावा, म्हणजे एकीने अधिकार नसल्याचे सांगितले तरी तुमची तारीख वाचेल. ‘आमच्या जिल्ह्यात अशी समितीच नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. सर्व जिल्ह्यांत या समित्या स्थापन कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात बजावले आहे.

नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे द्यावी लागतात. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मेसेजचे केवळ स्क्रीनशॉट पुरेसे समजू नका; ज्या फोनवर ते आले तो फोन विकू किंवा रीसेट करू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र देताना मूळ उपकरणाचा तपशील लागतो. दालनात बोलावल्याचे दिवस, वेळ आणि त्या वेळी बाहेर कोणता शिपाई होता, हे आठवेल तसे आजच लिहून काढा.

चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. समिती नगराध्यक्षांना पदावरून काढू शकत नाही, हे आधीच स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. ती नुकसानभरपाईची शिफारस करू शकते आणि ती रक्कम न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. पदाचा प्रश्न राज्य शासनाच्या हातात आहे : महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम, 1965 च्या कलम 55-अ खाली गैरवर्तन किंवा लज्जास्पद वर्तनाबद्दल शासन नगराध्यक्षांना दूर करू शकते, आणि समितीचा प्रतिकूल अहवाल हा शासनाकडे करायच्या त्या अर्जाचा सर्वांत भक्कम आधार ठरतो. म्हणूनच नगराध्यक्षांना बाजू मांडण्याची पुरेपूर संधी मिळू द्या. घाईने केलेली चौकशी पुढे न्यायालयात टिकत नाही.

पोलिसांकडे जाण्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली नको असलेली लैंगिक लगट किंवा मागणी यासाठी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि अश्लील शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कैद आहे. या गुन्ह्यात लोकसेवकाविरुद्ध खटल्याला शासनाची पूर्वपरवानगी लागत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्येच स्पष्ट केले आहे. स्थानिक ठाण्यावर दबाव असेल तर हद्दीची अट न पाळता कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो. तेथेही टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो.

अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी बहुधा येईलच. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. लैंगिक छळाचा आरोप जाहीरपणे केल्याबद्दल माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यात 2021 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने पत्रकार प्रिया रमाणी यांना निर्दोष सोडले आहे. तरीही चौकशीचा तपशील व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा गावातल्या ग्रुपवर टाकू नका; 2013 च्या कायद्याचे कलम 16 गोपनीयता बंधनकारक करते आणि समोरच्या वकिलाला नेमके तेच निमित्त हवे असते. तुमचा स्वतःचा वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तेथे विनामूल्य वकील मिळतो, आणि तक्रारीचा मसुदाही त्यांच्याकडूनच तपासून घेता येईल.